दोन पट्टे दाखवणारे आडे सर

प्रा. गेमसिंग आडे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते महागावच्या एसटी स्टँडसमोर, उकडलेल्या अंड्यांच्या गाडीवर भांडताना. निदान मला तरी ते भांडण वाटलं. बारावीचा निकाल लागला होता, पदवीच्या प्रवेशाचा अर्ज घ्यायला मी बाबांबरोबर आले होते आणि परतीच्या बसला अवकाश होता. गाडीपाशी एक उंच, सावळे गृहस्थ उभे होते. शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी सुटलेली. हातात सोललेलं अंडं धरून ते गाडीवाल्याला म्हणत होते, "हे आता परत कच्चं करून दाखव. दाखवलं तं तुह्या गाडीतले सगळे अंडे मी घेतो."

"सर, कायले गरिबाची मजाक करून राह्यले?" गाडीवाला काकुळतीला आला होता.

"मजाक नाई रे बावा! टरफल फुटलं नाई. आत काही टाकलं नाई, आतून काही काढलं नाई. मंग पातळ होतं ते घट्ट काहून झालं?"

"विस्तवानं झालं."

"विस्तवानं काय केलं पन?"

गाडीवाला दुसरं अंडं सोलू लागला. मग सरांनीच दोन्ही हात हवेत पसरून सांगितलं, "घडी मोडली! आतली घडी मोडली!" आणि ते अंडं मीठसुद्धा न लावता खाऊन टाकलं. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "शिकलेला मानूस दिसते, पन थोडा बह्याड हाय वाटते." पुढच्या आठवड्यात पहिल्या तासाला तीच सुटलेली बाही वर्गात आली आणि मी मनात म्हटलं, झालं कल्याण.

सर यंदा पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी, सहकाऱ्यांनी आणि तांड्यातल्या भावकीने मिळून हा ग्रंथ काढायचं ठरवलं, तेव्हा रसायनशास्त्र विभागातून लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. मी सरांची विद्यार्थिनी, पुढे त्यांची सहकारी आणि आता त्यांच्याच खुर्चीवर बसणारी. मी स्वभावाने तापट आहे, हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊकच आहे. तेव्हा गोडगोड लेखाची अपेक्षा कोणी करू नये.

त्या पहिल्या तासाला सरांनी विचारलं, "दही, केस, नख, रेशीम, अंडं आणि रक्त. यांत सारखं काय?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, रक्त सोडून सगळं बाजारात मिळते." सगळा वर्ग हसला, आणि सर्वांत जास्त वेळ सरच हसत राहिले. मग ते म्हणाले की या सगळ्यांत प्रथिनं आहेत, आणि प्रथिनं म्हणजे साखळ्या. वीस प्रकारची अमिनो आम्लं, ठरलेल्या क्रमाने एकापुढे एक गुंफलेली. नुसती लांब साखळी कसलंच काम करत नाही. ती दुमडते, वळते, तिची घडी बसते, तेव्हा कुठे ती कामाची होते. घडी बदलली की काम बदललं, आणि घडी मोडली की काम संपलं.

ही वीस आम्लं सरांनी आम्हाला कधी तक्ता लावून पाठ करायला दिली नाहीत. त्यांनी ती गावातल्या माणसांसारखी ओळखीची करून दिली. ग्लायसीन सगळ्यांत लहान, एसटीत तिघांच्या सीटवर चौथं म्हणून सहज मावणारं. ल्युसीन, व्हॅलीन ही तेलकट मंडळी, पाणी दिसलं की आतल्या खोलीत पळणारी. ग्लुटामिक आम्ल ऋण भार घेऊन बाहेर ओट्यावर बसणार आणि पाण्याशी गप्पा मारणार. लायसीन धन भाराचं, त्याला ऋण शेजारी भेटला की ते खूश. सिस्टीनमध्ये गंधक असतं, एका सिस्टीनला दुसरं भेटलं की अशी गाठ बसते की सुटता सुटत नाही. आपले केस सरळ की कुरळे यात या गाठींचा मोठा वाटा. तास संपायचा, घंटा व्हायची, पण ना सर हलायचे, ना आम्ही. मी शाळेत रसायनशास्त्राला घाबरून असलेली मुलगी. त्या महिन्याभरात मला जेवताना, वेणी घालताना, दूध नासताना सगळीकडे साखळ्या दिसायला लागल्या. खरं सांगते, इतका आनंद मला तोवर कुठल्याच पुस्तकाने दिला नव्हता.

सर फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यातले. घरात गोरबोली, गावात वऱ्हाडी, वर्गात प्रमाण मराठी. पण एखादी गोष्ट फारच आवडली की प्रमाण मराठी बाजूला पडायची आणि सर वऱ्हाडीवर यायचे. नागपूरला शिकून, पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन ते परत तालुक्याच्या महाविद्यालयात आले, म्हणून अनेकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. सर सांगायचे, शिकून आल्यावर त्यांनी आपल्या याडीला, म्हणजे आईला, हा साखळीचा सगळा प्रकार गोरबोलीत समजावला. ती माउली शाळेत कधी गेली नव्हती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग साखळीला कसं वळायचं हे कोण सांगतं?" सर म्हणायचे की एवढा नेमका प्रश्न त्यांना विद्यापीठात कोणी विचारला नव्हता, आणि त्याचं पूर्ण उत्तर त्यांनाही देता आलं नव्हतं.

त्या प्रश्नापायीच बहुधा सरांनी आमच्या महाविद्यालयात साखळीचा दिवस सुरू केला. दर हिवाळ्यात एकदा सगळा वर्ग मैदानावर. सगळ्यांनी ओळीने एकमेकांचे हात धरायचे, ही साखळी. प्रत्येकाच्या कमरेला एक रंगीत चिंधी, हा ज्याचा त्याचा स्वभाव. पिवळ्या चिंधीवाले तेलकट, निळ्या आणि लाल चिंधीवाले भार बाळगणारे, पांढऱ्यावाले अधलेमधले. अकरावीची पोरं बादल्या आणि लोटे घेऊन भोवती उभी, ती म्हणजे पाणी. सरांनी शिट्टी वाजवली की पाणी सुटायचं! पिवळ्यांनी भिजायचं नाही, पण कोणीही हात सोडायचा नाही. मग काय गोंधळ! पिवळे आत घुसायचे, लाल-निळे आपोआप बाहेर ढकलले जायचे आणि चिंब व्हायचे, दोन गंधकवाले मध्येच गाठ पडून आपल्या चिंध्या एकमेकांना बांधून टाकायचे, आणि मिनिटाभरात त्या लांबलचक ओळीचा घट्ट गोळा झालेला असायचा. पुन्हा सोडून पुन्हा शिट्टी वाजवली तरी जवळजवळ तसाच गोळा. बाजाराला निघालेले लोक कुंपणाशी थांबून बघायचे. एकदा एका आजोबांनी विचारलं होतं, "सर, हे कोनता खेळ खेळून राह्यले?" सरांनी त्यांनाही कुंपणाबाहेर उभं करून हिमोग्लोबिन शिकवलं.

माझ्या वाट्याला त्या वीसांतलं प्रोलीन आलं. प्रोलीनचा स्वभाव त्याच्या स्वतःच्याच पाठीला, म्हणजे साखळीच्या कण्याला, जोडलेला असतो, म्हणून माझी चिंधी सरांनी माझ्याच मनगटाला करकचून बांधली. मला धड वळता येईना, त्यामुळे माझ्यापाशी साखळीला कोपरा आला. "ही पोट्टी जिथं उभी राहीन तिथं सगळ्यायले वळाव लागते," सर ओरडून म्हणाले. पुढची पंचवीसेक वर्षं विभागाच्या प्रत्येक बैठकीत हे वाक्य मला ऐकवलं गेलं आहे.

आता वसतिगृहाचं सोयाबीन. आमच्याकडे सोयाबीन उदंड, आणि शिक्षकांकडून कळलेलं की त्यात प्रथिनं खूप. वसतिगृहातल्या मुलांनी शक्कल लढवली. कच्चं सोयाबीन दळून आणलं, पाण्यात कालवलं आणि व्यायामानंतर पेलाभर पिऊ लागले. चार दिवसांत अर्धं वसतिगृह पोट धरून बसलं. सरांना कळलं तसे ते स्वतःच्या घरचं मोठं पातेलं सायकलच्या मागे बांधून हजर झाले. सोबत जमुनाकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चालत. अंगणात चूल पेटली. सर सांगत होते की कच्च्या सोयाबीनमध्ये एक आडमुठं प्रथिन असतं, त्याचा आकार असा की आपल्या पोटातल्या पचवणाऱ्या प्रथिनाच्या तोंडात जाऊन ते अडकून बसतं. मग पचवणारं बिचारं काम कसं करणार? "त्याले उकळा! चांगलं उकळा! घडी मोडली का अडकनं संपलं!" काकूंनी उकळलेल्या सोयाबीनला कांदा-मिरचीची फोडणी दिली. मुलांनी ती भाजी पातेलं खरवडून खाल्ली. सरांनी रागावण्यात एक वाक्यसुद्धा खर्च केलं नाही, उलट "पोट्ट्यायनं प्रयोग तं केला" म्हणून त्यांचं कौतुकच केलं.

इथवर वाचून कोणाला वाटेल की सरांकडून कधी चूक झालीच नाही. झाली. आणि ती माझ्या बाबतीत झाली.

आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. त्या वर्षीच्या साखळीच्या दिवशी सरांनी हिमोग्लोबिन घेतलं होतं आणि वर्गाचे तीन-चार गट करून प्रत्येकाची वेगळी साखळी केली होती. आमच्या गटात सहाव्या जागेवर वर्गातला एक मुलगा, कमरेला लाल चिंधी, म्हणजे ग्लुटामिक आम्ल. बाहेर उभा राहून मजेत भिजत होता. सरांनी त्याची आणि बाकीच्या गटांतल्या सहाव्यांचीही लाल चिंधी काढून पिवळी बांधली, म्हणजे व्हॅलीन. जागा तीच, बाहेरची, पण आता त्याला पाणी नकोसं. आत जायला वाव नाही, म्हणून त्याने शेजारच्या गटातल्या एका पिवळ्या फटीत डोकं खुपसलं. त्या गटातल्या सहाव्याने तिसऱ्या गटात खुपसलं. बघता बघता सुटे गोळे एकमेकांना चिकटून मैदानभर ताठ रांग झाली. "हा सिकलसेल!" सर म्हणाले. "एकशे शेहेचाळीसांच्या साखळीत एक बदलला. बाकी सगळे तेच. त्या रांगेनं तांबडी पेशी वाकडी होते, बारक्या नळ्यायमंदी अडकते, आनं मानूस हातपाय धरून रडते." आम्ही सगळे ओले, हसत होतो. मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सरांनी खरी तपासणी ठेवली. नागपूरच्या मित्राकडून त्यांनी त्यासाठीचं द्रावण आणवलं होतं. बोटातून रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर सिकलचं हिमोग्लोबिन नाही. नळी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर आहे. आम्ही सगळ्यांनी हौसेने बोटं पुढे केली. प्रत्येक नळीवर सरांच्या टपोऱ्या अक्षरात नावाची चिठ्ठी.

एकामागून एक नळ्या स्वच्छ निघत होत्या. मग सरांनी एक नळी उचलली, कागद मागे धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाहा! पाहा पोट्टेहो! रेघा गेल्या! हेच ते! सहावी जागा!" नळी उंच धरून ते टेबलांमधून जवळजवळ नाचले. आणि त्याच आवाजात त्यांनी चिठ्ठी वाचली. "सुजाता वानखडे!"

मग त्यांना मी दिसले. सरांचा हात तसाच वर राहिला. मी दप्तर उचललं आणि बाहेर पडले.

मी घरी पोचायच्या आत बातमी वस्तीत पोचली होती. सुजाताच्या रक्तात खोट निघाली. घाटंजीकडचं एक स्थळ जवळपास ठरत आलं होतं, त्यांचा तीन दिवसांत निरोप आला की पोरगी चांगली हाय, पन आमाले आजारी सून झेपनार नाई. तो मुलगा मला फारसा आवडला नव्हता, पण नकार द्यायचा मान माझा होता आणि तोही हुकला. हे मी आज हसून लिहिते. तेव्हा खरी भीती वेगळी होती. बाबांचे धाकटे भाऊ, विठ्ठलकाका, ऐन विशीत गेले होते. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचे हातपाय असे ठणकायचे की ते अंथरुणातून उठायचे नाहीत. कोणालाच कधी कळलं नाही काय होतं ते. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, कणखर माणूस, पण बातमी आली त्या रात्री त्यांनी माझं दप्तर उचलून माळ्यावर ठेवलं. ते म्हणाले, "कॉलेज बस झालं. उन्हात जायचं नाई. घरीच राह्यचं." परीक्षेला दोन महिने राहिले होते. मी काकांसारखी जाणार असंच घरात सगळ्यांनी धरलं होतं, आणि मीही.

तपासणीच्या दुसऱ्याच सकाळी पहिल्या बसने सर आमच्या वस्तीत आले. ते बसले नाहीत, दारातच उभे राहिले.

"दादा, चूक माही हाय. पोरीची नाई, रक्ताची नाई. माही."

बाबा म्हणाले, "सर, तुमी शिकलेले. चाळीस पोट्ट्यायमंदी माह्या पोरीचं नाव काहून घेतलं?"

"आनंदात घेतलं."

बाबा बघतच राहिले. सर खाली मान घालून म्हणाले, "खोटं बोलत नाई, दादा. पुस्तकातली गोष्ट हातात आलती, मले आनंद झालता. नळी दिसली, पोरगी दिसली नाई."

बाबा उंबऱ्याशी आले. मग विठ्ठलकाकांचं दुखणं सांगून बाबांनी विचारलं, "माह्या भावाले हेच होतं का?"

"असू शकते. पन पोरीले तेच हाय असं ही नळी सांगत नाई. एक वाटा बापाकडून येते, एक मायकडून. एकच वाटा बिघडला असंल तरी नळी गढूळ होते, दोन बिघडले तरी होते. एक का दोन, ते नागपूरले कळते. उद्या चला. मी घेऊन जातो."

त्या बसप्रवासात सरांनी बाबांना जे शिकवलं ते मी कुठल्याच पाठ्यपुस्तकात इतकं सोपं वाचलेलं नाही. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलीनवर नसतो. नागपूरच्या तपासणीत विजेच्या धन टोकाकडे दोन्ही प्रकारची हिमोग्लोबिनं ओढली जातात, पण ज्याचा ऋण भार घटलाय ते मागे रेंगाळतं. बाबांनी जन्मभर मोटारींशी झटापट केलेली. ते पटकन म्हणाले, "म्हंजे ज्याचा भार कमी, तो हळू वढल्या जाते."

"बरोब्बर!" सर सीटवरून उठलेच. कंडक्टरने मागे वळून पाहिलं.

दवाखान्यात तंत्रज्ञाने पट्टी आणून दाखवली. माझ्या नावापुढे दोन पट्टे होते, एक पुढे, एक जरा मागे. सर म्हणाले, "एएस. म्हंजे एक वाटा नीट, एक बिघडलेला. वाहक. दादा, हिले आजार नाई. पुढच्या पट्ट्यावर हिचं काम चालते. लग्नाच्या वेळी पोराची तपासनी तेवढी करायची." बाबांनीही लगेच बोट पुढे केलं, त्यांचेही दोन पट्टे निघाले. त्यांनी त्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "माह्या भावाले पुढचा पट्टाच नसंल?"

"बहुतेक नसंलच."

बाबा भिंतीला टेकले आणि ढसाढसा रडले. मी त्यांना तसं रडताना आधी कधी पाहिलं नव्हतं. "त्याले आमी कामचोर म्हनत होतो, सर," ते म्हणाले. "दुखते म्हने, तं मी त्याले मारलं बी."

सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. समजूत घालणारं एकही वाक्य ते बोलले नाहीत, आणि त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. घरी आल्यावर बाबांनी पेटीच्या तळाशी पडलेला विठ्ठलकाकांचा फोटो काढला, पुसला आणि बैठकीच्या भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मला बसमध्ये बसवून दिलं. मी परीक्षा दिली आणि चांगल्या गुणांनी पास झाले.

सरांनी वर्गात उभं राहून सगळ्यांसमोर चूक कबूल केली. त्याच तासाला स्वतःचं बोट टोचून स्वतःची नळी सगळ्यांना दाखवली. तिच्यामागच्या रेघा अगदी लख्ख दिसल्या, आणि मला त्याचाही राग आला, हे लपवत नाही. तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळीवर नाव लिहीत नाहीत, फक्त आकडा. निकाल ज्याचा त्याला एकट्याला, बसवून, समजावून. हा नियम सरांच्या हस्ताक्षरात अजून भिंतीवर आहे, आणि मी विभागप्रमुख झाल्यापासून तो एकदाही मोडू दिलेला नाही.

पुढे माझ्या लग्नाचं निघालं, तेव्हा मुलाला मी पहिल्या भेटीत विचारलं, "तुमची तपासणी झाली आहे का?" तो बिचारा नोकरीच्या मुलाखतीतून आला होता, त्याला वाटलं कागदपत्रांबद्दल विचारते. त्याचा एकच, पुढचा पट्टा निघाला आणि मग बाकीच्या गोष्टी बोलल्या गेल्या. माझ्या मुलीचे दोन पट्टे आहेत, मुलाचा एक. दोघांनाही ते स्वतःच्या चपलेच्या मापासारखं सहज माहीत आहे.

निवृत्त झाल्यावर सर तांड्यातांड्यांत, वस्त्यांत, कोलामांच्या पोडांवर, म्हणजे पाड्यांवर, चिंध्यांची साखळी घेऊन फिरू लागले. एका वर्षी मी त्यांच्याबरोबर घाटंजीच्या आठवडी बाजारात होते. पलीकडून एका बाईने हाक मारली, "सर, माह्या पोराचं काय निघालं वो?" सरांनी तिथून उत्तर दिलं नाही. सगळा बाजार ओलांडून ते तिच्यापाशी गेले, तिला गर्दीच्या बाहेर नेलं आणि शेजारी बसून सावकाश सांगितलं. तोवर आमची बस निघून गेली. सरांचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते, आणि पुढच्या बसमध्ये आम्हाला उभं राहूनच यावं लागलं.

गुडघे दुखतात, पण उत्साहाचं काय करावं! अलीकडेच एके दिवशी सकाळी सहाला माझा फोन वाजला. "सुजाता! उठली का? संगनक आता नुसता क्रम पाहून घडी सांगून राह्यला! हजारो प्रथिनांची!" मी म्हटलं, सर, हे मला माहीत आहे, मी ते शिकवते. "शिकोते तं मंग झोपली कशी?" असं म्हणून त्यांनी अर्धा तास फोन सोडला नाही. शेवटी मात्र जरा थांबून म्हणाले, "पन साखळी कशी वळते, हे त्याले समजलं का नुसतं ओळखता येते, ते अजून पाहा लागते. याडीचा प्रश्न पुरता सुटला नाई." त्यानंतर आठवडाभर ते नातवाच्या संगणकावर प्रथिनं फिरवत बसले होते. जमुनाकाकूंना जेवायला दोनदा हाका माराव्या लागत.

या लेखासाठी मी सरांना भेटायला गेले. संपादकांच्या मनात होतं की नळीचा प्रसंग गौरवग्रंथात शोभणार नाही. सर म्हणाले, "तो नसंल तं बाकीचं बी छापू नका." मग चहा आला. कपात बघत सर हळूच म्हणाले, "तुहं उत्तर अजून आलं नाई, सुजाता."

मला लगेच समजलं. नागपूरहून परतताना, स्टँडवर, बाबा पाणी प्यायला गेले असता सर मला म्हणाले होते, "मले माफ कर, पोरी." मी म्हटलं होतं, "बस आली." त्यानंतर आम्ही एकाच विभागात, समोरासमोरच्या टेबलांवर वर्षानुवर्षं काम केलं. ना त्यांनी पुन्हा विचारलं, ना मी सांगितलं. ते इतकी वर्षं वाट बघत होते हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझ्या हातातला कप खाली ठेवावा लागला. तरीही उत्तर तिथे दिलं नाही. चारचौघांत झालेल्या गोष्टीचं उत्तर चहाच्या टेबलावर देऊन भागणार नव्हतं.

ते इथे देते. सर, तेव्हा मी तुम्हाला माफ केलं नव्हतं. माझा राग खरा होता आणि तो योग्यच होता, हे तुम्हीच मला नंतरच्या प्रत्येक आकडा लिहिलेल्या नळीतून सांगत आलात. पण त्याच गढूळ नळीमुळे माझ्या बाबांना त्यांचा भाऊ परत मिळाला, आणि मला माझ्या रक्ताची भीती उरली नाही. म्हणून आज, तुमच्या पंच्याहत्तरीला, सगळ्यांच्या देखत सांगते: माफ केलं, सर. मनापासून. आता ते ओझं खाली ठेवा. गुडघ्यांना रोज तेल लावा, काकूंच्या पहिल्याच हाकेला जेवायला उठा, याडीच्या प्रश्नाचं उत्तर सापडेपर्यंत तरी ठणठणीत राहा, आणि ते सापडलं की मला पहाटे खुशाल फोन करा.

आणि चाळीस जणांसमोर तुम्ही घेतलेलं ते नाव आज मी माझ्याच तोंडाने घेते, मोठ्याने: सुजाता वानखडे, पट्टे दोन.